कातीव, कोरीव आणि अडीच घरे

‘कातीव’ हे विशेषण आपण हल्ली बहुतेक नाकासाठी राखून ठेवले आहे. कथेतल्या नायिकेचे नाक कातीव असते, फार तर हनुवटी. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण हे नाक कशावर कातले असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. कारण कातण्याचा संबंध आज फक्त सुताशी उरला आहे. एके काळी ‘कातणे’ म्हणजे सूत काढणे आणि ‘कातणे’ म्हणजेच लाकूड यंत्रावर गरगर फिरवून त्याला गोल घाट देणे, असे दोन्ही अर्थ सुखाने नांदत होते. हे दुसरे काम करणारा तो कातारी. लाटणे, भोवरा, रवीचा दांडा, पाळण्याच्या कठड्याच्या कांड्या हा सगळा त्याचा माल. किर्लोस्करवाडी, सातारारोड अशा ठिकाणी कारखाने आले, त्यांच्याबरोबर ‘लेथ’ आणि ‘टर्नर’ आले, आणि कातारी बहुधा आडनावापुरता राहिला. परिभाषेत लेथला ‘कातन यंत्र’ म्हणतात, पण शॉपफ्लोअरवर कोणी तसे म्हणेल असे वाटत नाही.

आता गंमत अशी की संस्कृत धातुपाठात ‘कृत्’ दोनदा येतो. एक ‘कृती छेदने’, म्हणजे कापणे. दुसरा ‘कृती वेष्टने’, म्हणजे गुंडाळणे, पीळ देणे, सूत काढणे. ‘कर्तन’ या शब्दाचे म्हणूनच दोन अर्थ होतात. पहिल्यातून आपली कातर आली, कात्री आली. सोलून वेगळी केलेली ती ‘कृत्ति’, तिच्यातून कातडे आले आणि सापाने टाकलेली कातही आली. म्हणजे ‘कात टाकणे’ हाही मुळात कापाकापीचाच वाक्प्रचार. (विड्यातला कात मात्र निराळा, तो ‘क्वाथ’ म्हणजे काढा, आणि कातकरी त्याचे, कातणाऱ्यांचे नव्हेत.) दुसऱ्यातून सूतकताई. मग लाकूड कातणे कोणाचे? भाषाशास्त्राच्या हिशेबाने ते सूत कातण्याच्या घरचे असावे, चरख्याचे फिरणे पाहून लाकडाला लावलेले. पण यंत्रासमोर क्षणभर उभे राहिले की निकाल इतका सोपा वाटत नाही. लाकूड फिरते आहे आणि पटाशीची धार त्याला कापते आहे. दोन्ही ‘कृत्’ तिथे एकाच वेळी कामाला लागलेले दिसतात. धातुपाठाने वेगळे केलेले दोन भाऊ कातारीने पुन्हा एका छपराखाली आणले, असे म्हणायला माझी तरी हरकत नाही.

उत्तरेत याच कामाला ‘खराद’ म्हणतात, करणारा तो खरादी. हा अरबी ‘खर्रात’. त्याच्या तीन व्यंजनी धातूत सोलणे, ओरबाडणे, गुळगुळीत करणे असा भाव आहे, आणि अरबीत शंकूला ‘मख्रूत’ म्हणतात, म्हणजे ‘खरादून काढलेला’ आकार. त्याच व्यंजनांचा ‘खरीता’ म्हणजे चामडी पिशवी. पत्र पिशवीत घालून धाडायचे, म्हणून पिशवीचे नाव पत्राला चिकटले, ‘र’चा ‘ल’ झाला आणि मराठी दफ्तरात ‘खलिता’ अवतरला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी आलेला खलिता आणि अमृतसरच्या खरादीच्या हातातले लाकूड असे दूरचे नातेवाईक निघतात.

अमृतसरचे नाव सहज आले नाही. हाताने घडवलेले लाकडी बुद्धिबळ जगात कोठेही विकत घ्या, ते तिथल्या कारागिरांच्या हातून गेलेले असण्याचा संभव मोठा. पूर्वी तिथे हस्तिदंताचे काम चाले. 1989 साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरल्यावर तोच हात लाकडाकडे वळला. आणि आपल्याकडे हे बुद्धिबळ कुठे दिसते? सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, आणि पुढे भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे अशी नावे या शहराशी जोडली गेली. पण पंढरीच्या वारकऱ्याच्या हातात असतात त्या प्लॅस्टिकच्या सोंगट्या, गुंडाळीच्या पटावर. लाकडी संच असतो तो काचेच्या कपाटात किंवा कोणा हौशी डॉक्टराच्या दिवाणखान्यात. त्याची किंमत ऐकून पालक दचकतात. इवल्याशा बत्तीस बाहुल्या, त्यांना इतके पैसे कशाचे?

मराठीत या प्रश्नाचे उत्तर एका प्रत्ययात दडले आहे. हा प्रत्यय ‘-ईव’. घडीव, रेखीव, घोटीव, आटीव. वस्तू कशी झाली ते हा प्रत्यय धातूला लागून सांगून टाकतो. प्लॅस्टिकची सोंगटी ‘ओतीव’: साचा एकदा केला की लाखांनी काढा. लाकडी प्यादे ‘कातीव’: यंत्रावर लाकूड फिरले, सरावलेला हात असला की काही मिनिटांत एक उतरते. आणि घोडा ‘कोरीव’. तो यंत्रावर उतरत नाही. फिरत्या लाकडातून निघते ते चोहोबाजूंनी सारखे. घोड्याला पुढची बाजू असते, मागची असते, तो एकीकडे पाहतो. त्याची बैठक तेवढी यंत्रावर होते. वरचे डोके वेगळ्या ठोकळ्यातून, हाताने काढावे लागते.

हे डोके जवळून पाहण्यासारखे असते. आधी करवतीने नुसती बाह्यरेषा कापलेली असते, बाजूने पाहिले तर घोडा, समोरून पाहिले तर पाटी. मग निमुळत्या पटाशीने जबड्याचे हाड मोकळे करायचे, गालफडाचा खळगा, नाकपुडी, दातांची फट. मानेवरून आयाळ एकेका ओरखड्याने खाली आणायची. कान सर्वांत शेवटी, कारण तिथे लाकूड सर्वांत पातळ; रेषेच्या उलट हात गेला की कान उडतो आणि आतापर्यंतचे काम सरपणात जमा होते. बरे, एक घोडा सुंदर उतरून भागत नाही. चार हवेत, आणि चौघांनी एकमेकांची भावंडे दिसायला हवे. अमृतसरात घोडेच कोरणारे कारागीर निराळे असतात आणि त्यांची संख्या फार नाही. संचाच्या किमतीचा मोठा हिस्सा बत्तिसांतल्या या चौघांवर पडतो. घोडा पाहून संच पारखायचा, असा जाणकारांचा रिवाज आहे तो यामुळेच.

‘कोरणे’ कुठून आले असावे? संस्कृतात त्याला सरळ आजोबा सापडत नाही. शब्दशास्त्री तारांकित, म्हणजे कल्पिलेले रूप मांडून वेळ निभावतात. पण कृष्णा ओलांडून थोडे दक्षिणेला गेले की कानडीत ‘कोरे’ म्हणजे कापणे, भोक पाडणे, पोखरणे हे क्रियापद ठणठणीत जिवंत आहे. बोअर मारण्यालाही तेच. मला तरी मराठी ‘कोरणे’ तिकडचे दिसते. म्हणजे कातीव उत्तरेचे, कोरीव दक्षिणेचे, आणि एका घोड्यात दोघे एकावर एक बसलेले: खाली कातीव बैठक, वर कोरीव मान. ‘कोरा’ हा शब्द इथे आडवा येतो. ज्यावर काहीच कोरलेले नाही ते कोरे, हे कोडे फार मोहक आहे, पण मोहक व्युत्पत्तीपासून चार हात दूर राहावे हे उत्तम. साताऱ्याच्या नावात सात तारे आणि सांगलीच्या नावात सहा गल्ल्या शोधण्याचा छंद आपल्या अंगी मुरलेला आहेच.

एक आक्षेप येईल: कोरीव काम महाग, हे कोणाला माहीत नाही? खरे आहे, पण बुद्धिबळात ते असे नेमके घोड्यापाशीच का साचले, याला इतिहास आहे. आपल्याकडे जुने संच दोन तऱ्हांचे दिसतात. एक राजेरजवाड्यांचे, त्यात सगळेच कोरीव: अंबारीसह हत्ती, स्वारासह घोडे, ढालतलवार घेतलेली प्यादी. दुसरे रोज खेळायचे, त्यात सगळेच कातीव: घुमट, कळस, बोंडे. त्यांतला घोडासुद्धा यंत्रावरूनच उतरे. एखादा तिरका काप दिला की झाला घोडा, बाकीचे मन भरून घेई. मग 1849 साली लंडनमध्ये जाक यांच्या कारखान्याने नॅथनिएल कुक यांच्या नावे नोंदलेला नमुना बाजारात आणला आणि त्याला त्या काळचा नामांकित खेळाडू स्टाँटन याचे नाव दिले. आज जगभर स्पर्धेत तोच चालतो. त्या नमुन्याची खुबी ही, की पाच जाती जवळजवळ पूर्ण यंत्रावर उतरतात, फार तर उंटाला एक खाच आणि हत्तीला चार दाते कापायचे. आणि सहावी जात, घोडा, मात्र चक्क शिल्प. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या, आता लंडनच्या संग्रहालयात असलेल्या संगमरवरी अश्वमुखावरून तो घेतला, असे सांगतात. स्वस्ताईसाठी काढलेल्या नमुन्यात महागाई एका कोपऱ्यात राहून गेली, असा हा प्रकार.

आणि इथे मराठी माणसाला एक गोष्ट दिसायला हवी, जी इंग्रजाला दिसणार नाही. आपण स्टाँटनच्या आकृती घेतल्या पण नावे आपलीच ठेवली. कोपऱ्यात उभा असतो किल्ल्याचा बुरूज. साताऱ्यातले, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेले पोर तो बुरूज बोटांत धरते आणि म्हणते हत्ती. ख्रिस्ती धर्मगुरूची खाच असलेली टोपी, ती आपला उंट. राणीचा दातेरी मुकुट, तो आपला दाढीवाला वजीर. राजाच्या डोक्यावर क्रूस, तरी तो आपला राजा. प्यादे म्हणजे काडीवरचा लाडू. नाव एकीकडे, रूप एकीकडे, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. नाव आणि रूप अगदी एक झाले आहे ते फक्त घोड्यात.

बुरुजाला हत्ती म्हणण्यात आपण चुकलो असेही नाही, घोळ फार जुना आहे. सैन्याची मूळ चार अंगे रथ, हत्ती, घोडा, पायदळ. अरबीत हत्ती ‘अल्-फील’ झाला, स्पॅनिशमध्ये तो अजून ‘आल्फिल’ आहे, पण तिथे तो आपल्या उंटाच्या जागी उभा आहे. फारसीत रथाच्या जागी ‘रुख’ आला, त्याचा इंग्रजीत ‘रूक’ झाला. बंगालीत तोच मोहरा नौका आहे. आपल्याकडे रथ गेला, हत्ती सरकून कोपऱ्यात आला आणि मोकळ्या घरात वाळवंटातला उंट येऊन बसला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर 1831 साली सापडलेल्या मध्ययुगीन संचात तर कोपऱ्यात ढालतलवारवाला शिपाई आहे. त्या संचातली हरवलेली एक सोंगटी 1964 साली एडिंबरोत पाच पौंडांना विकली गेली आणि 2019 साली लिलावात तिला 7 लाख 35 हजार पौंड आले. ती लाकडाची नाही, वॉलरसच्या सुळ्याची आहे, आणि तिचे मोल वयाचे आहे, हाताचे नव्हे. पण आपल्या भाषेत सांगायचे तर ती हत्ती आहे, आणि हत्ती मेला तरी सव्वालाखाचा ही आपली म्हण तिथे तोकडी पडली.

घोड्याकडे परत येऊ. ‘घोडा’ म्हणजे संस्कृत ‘घोटक’, पण तो संस्कृतात उशिरा आलेला पाहुणा दिसतो. वेदांचा शब्द ‘अश्व’. इतक्या जुन्या, इतक्या प्रतिष्ठित शब्दाला बोलभाषेतून एका उपऱ्याने हुसकावून लावले, ही घटना साधी नाही. ‘घोटक’चे कुळ काहीजण तमिळ ‘कुदिरै’, तेलुगू ‘गुर्रमु’ यांच्या आसपास शोधतात. अश्व मग मराठीत कुठे राहिला? औषधी दुकानात ‘आसंध’ मिळते, ती अश्वगंधा. आणि स्वारीत राहिला, पण फारसी वेषात. जुन्या इराणी बोलीत घोडा ‘अस’ किंवा ‘अस्प’. त्याच्यावर वाहून नेला जाणारा, म्हणजे जणू ‘अश्वभार’, तो ‘असवार’. त्याचा ‘सवार’, आणि आपला ‘स्वार’. घोडेस्वार म्हणताना आपण घोटक आणि अश्व दोघांनाही एका शब्दात जुंपतो. सरकारी पागेतला घोडा वापरणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. बारगिराचेच बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तिकडच्या आया त्या नावाने पोरांना झोपवू लागल्या. ‘पागा’ ही फारसी ‘पायगाह’. घोड्याच्या मानेवरची ‘आयाळ’सुद्धा फारसी-तुर्की ‘याल’ची नात असावी. एवढी फौज फारसी शब्दांची, आणि तिच्या मधोमध ‘घोडा’ तेवढा अस्सल इथला.

त्याची चाल आपण ‘अडीच घरे’ अशी मोजतो. हा ‘अडीच’ म्हणजे संस्कृत ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा: दोन पूर्ण झाले आणि तिसऱ्याचा अर्धा. प्राकृतात ‘अड्ढाइज्ज’ होऊन तो इथवर आला. पटावर मोजाल तर घोडा दोन घरे सरळ आणि एक घर बाजूला, म्हणजे तीन. ते शेवटचे घर वाकडे म्हणून अर्धे धरले असावे. वाकड्या चालीला पूर्ण मोल द्यायचे नाही, असा हा जुना हिशेब.

लाकडाकडे वळतो. काळ्या सोंगट्या उत्तम त्या शिसवाच्या किंवा आबनुसाच्या. ‘शिसव’ म्हणजे संस्कृत ‘शिंशपा’. अशोकवनात सीता जिच्याखाली बसली ती शिंशपा. हिंदीत तिचेच ‘शीशम’. आता एक योगायोग पाहा: चांगल्या सोंगटीच्या बुडाशी पोकळी करून वजन भरतात म्हणजे ती पटावर डुगडुगत नाही, आणि हे वजन पुष्कळदा शिशाचे असे. ‘शिसे’ हे संस्कृत ‘सीस’, शिंशपेशी त्याचे काडीचे नाते नाही. तरीही बाहेर शिसव, आत शिसे, आणि बुडाला हिरव्या बनातीची चकती. पांढऱ्या सोंगट्यांचे लाकूड म्हणजे बॉक्सवुड, इराणात त्याला ‘शमशाद’ म्हणतात आणि फारसी कवी प्रेयसीच्या सरळ बांध्याला त्याची उपमा देतात. या झाडांना घाई नाही. लाकूड सावकाश वाढते म्हणून त्याचा पोत घट्ट, आणि घट्ट म्हणून त्यावर नाकपुडी कोरता येते. पांगाऱ्यासारखे हलके, झटपट वाढणारे लाकूड सावंतवाडीच्या रंगीत फळांना चालते, कारण तिथे शोभा चिताऱ्याच्या रंगाची. घोड्याचा कान त्यात टिकणार नाही. शिवाय लाकूड पुरते वाळलेले हवे. ओले वापरले तर वर्षा-दोन वर्षांत राजा उभा तडकतो. वाळवायला लागतो तो काळही किमतीत असतोच. 2017 साली शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, त्याने या लाकडाची वाट आणखी अवघड केली.

शिसव म्हटले की सांगली जिल्ह्यातल्या माणसाला बुद्धिबळाआधी मिरज आठवेल. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांच्या खुंट्या शिसवी असतात. यंत्रावर कातलेली, टोकाला पाकळ्या पाडलेली खुंटी आणि बुद्धिबळातला उंट शेजारी ठेवले तर एकाच आजोळचे दिसतात. आणि ही वाद्ये करणारी प्रसिद्ध घराणी कोण? शिकलगार. हा शब्द ‘सैकलगर’: अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे, त्याला फारसी ‘गर’ लागला, करणारा. तलवारी पाजळणारे हे लोक. लढाया थांबल्या, तलवारी म्यानात गेल्या, आणि फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिराने एकोणिसाव्या शतकात हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळवला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बदलला तरी नाव धातूचेच राहिले. लाकडाला चकाकी देणाऱ्यालाही ‘सैकल’ शोभून दिसते, म्हणा. हस्तिदंतावरून लाकडावर आलेला अमृतसरचा कारागीर आणि पोलादावरून लाकडावर आलेला मिरजेचा शिकलगार यांना एकमेकांची भाषा समजली नाही तरी घासण्याचा आवाज समजेल.

खेळाचे नावही दोन घटका थांबण्यासारखे आहे. भारतभर ‘चतुरंग’चीच रूपे: तमिळ-मल्याळम चतुरंगम, कानडी चदुरंग, तेलुगू चदरंगम. पहलवीत ‘चत्रंग’, अरबीत ‘शत्रंज’, तिथून हिंदीत परतलेले ‘शतरंज’. बाणभट्टाच्या हर्षचरितात, सातव्या शतकात, चतुरंग आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात तो राजाच्या विनोदांत गणला आहे. मग मराठीने ही भरली पंगत सोडून ‘बुद्धिबळ’ का धरले? बुद्धीचे बळ ही फोड शाळेत शिकवतात आणि ती चुकीची म्हणवत नाही. पण संस्कृतात ‘बल’ म्हणजे सैन्यसुद्धा. सेनापती तो बलाध्यक्ष, चार अंगांचे सैन्य ते चतुरंग बल. मग ‘बुद्धिबल’ म्हणजे बुद्धीचे सैन्य असे का नसावे? जुनी माणसे ‘बुद्धिबळे खेळू’ असे अनेकवचन करतात. शक्तीचे अनेकवचन कोण करतो? सैनिकांचे करतात. तेव्हा पटावर मांडलेली ती ‘बळे’, आणि खेळाचे नाव हे मूळ सोंगट्यांचे नाव, असे मानण्याकडे माझा कल आहे. हे खरे असेल तर मराठी ‘बुद्धिबळ’ चतुरंगापासून तुटलेले नाही. ‘चतुरंग-बला’तले दुसरे पद तेवढे आपण उचलले.

शह आणि मात मात्र फारसीकडून आले. ‘शाह’ सरळच आहे. ‘मात’ अरबी ‘मेला’ की फारसी ‘हतबल झाला’, यावर वाद आहे, आणि राजा पटावर कधी मारला जात नाही हे पाहता दुसरा अर्थ मला बरा वाटतो. मराठीने ‘शह’ला ‘काट’ जोडून ‘शहकाटशह’ केला. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे चिथावणी देणे, पाठबळ देणे. मराठीत ‘शह देणे’ म्हणजे कोंडीत धरणे. सीमेवरच्या वर्तमानपत्रांत यामुळे किती राजकारण्यांवर अन्याय झाला असेल कोण जाणे. इंग्रजांनी ‘शाह’चा ‘चेक’ केला, त्याचा अडवणूक, मग पडताळणी असा अर्थ झाला, आणि पडताळून पाहायचा बँकेचा कागदही ‘चेक’ झाला असे बहुतेक कोश मानतात. (फारसीत ‘चक’ म्हणजे लेख, त्याच्याशीही कोणी नाते लावतात.) लाकडी बुद्धिबळाचे पैसे चेकने दिले तर राजानेच राजाला विकत घेतले म्हणायचे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर ‘महाग’ पाहू. ‘महार्घ’, ज्याचा ‘अर्घ’ मोठा ते. अर्घ म्हणजे मोल, पूजेतले अर्घ्य त्याचेच. त्याचे उलट ‘समर्घ’, बेताच्या मोलाचे, तेच मराठीत ‘सवंग’. आता सवंग म्हणजे हलक्या अभिरुचीचे झाले आणि साध्या स्वस्तपणाला त्यातून हद्दपार केले, ही भाषेची थोडी तुसडी करणी. प्लॅस्टिकची सोंगटी स्वस्त आहे, पण तिच्यावर सांगलीत पिढ्या घडल्या. तिला सवंग म्हणणाऱ्याने एकदा तिथल्या स्पर्धेला जाऊन यावे. आणि हाताच्या कामाच्या दामाला मराठीत सोनाराने फार नेमका शब्द देऊन ठेवला आहे: घडणावळ. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, आणि पावतीत दोन ओळी. लाकडी संच विकणाऱ्याने अशी पावती केली तर गिऱ्हाइकाचा निम्मा राग जाईल. शिसवाचे इतके, शिशाचे इतके, बनातीचे इतके, कातणावळ इतकी. आणि खाली, सगळ्यांपेक्षा फुगीर आकडा, चार घोड्यांची कोरणावळ. हा शेवटचा शब्द फारसा ऐकिवात नाही, पण ‘दळणावळ’ चालतो तर तोही चालावा.

सोंगटीला ‘मोहरा’ म्हणतात त्यातही पैसा लपल्याचा भास होतो. फारसी ‘मुहरा’ म्हणजे मणी, कवडी, आणि म्हणून खेळातली सोंगटी. ‘मुहर’ म्हणजे शिक्का, त्यावरून शिक्क्याचे सोन्याचे नाणे, आपली मोहर. हिचा आणि संस्कृत ‘मुद्रे’चा जुना संबंध असावा. पानिपतच्या बातमीतल्या हरवलेल्या मोहरा नाणी होत्या, स्त्रीलिंगी, अनेकवचनी. आज शोकसभेत ‘खंदा मोहरा हरपला’ म्हणतो तो पुल्लिंगी, एकवचनी, पटावरचा. दोन्ही शब्दांची सरमिसळ होऊन एकच दुःख उरले. तिसरा ‘मोहरा’ म्हणजे तोंड, ‘मोहरा वळवणे’तला, तो संस्कृत ‘मुख’चा, त्याला या दोघांशी घेणेदेणे नाही. पण घोडा कोरणारा माणूस दिवसभर मोहऱ्याचा मोहराच तर घडवत असतो.

राहता राहिली ‘सोंगटी’. ‘सोंग’शी तिला जोडण्याचा मोह कोणालाही होईल: लाकडाने घेतलेले हत्तीचे सोंग, उंटाचे सोंग. वर नाव-रूपाची फारकत सांगितली तिला तर हे फारच जुळते, आणि इतके जुळते म्हणूनच संशय येतो. कारण गुजरातीत ‘सोगठी’ आहे, अनुस्वार नाही; कानडीत ‘सोगटे’ आहे, तिथेही नाही, आणि दोन्हीकडे संबंध सारीपाटाशी. सारीपाटातली ‘सारी’ ही संस्कृत ‘शारि’, म्हणजे सोंगटीच. तेव्हा संस्कृत नाव खेळाकडे गेले आणि सोंगटीला देशी नाव मिळाले. अनुस्वार फक्त मराठीत दिसतो, तो ‘सोंगा’च्या सहवासाने नंतर चढला असावा. शब्द गुजरातेतून खाली आला की कर्नाटकातून वर गेला, याचा निवाडा करायला सीमेवरचा जतचा भाग सोयीचा आहे. तिथे एकाच ओसरीवर आजी कानडीत सोगटे मांडते आणि नातू मराठीत सोंगट्या उधळतो. माझे मत कानडीच्या बाजूने पडते. गुजरातीतला ‘ठ’ मात्र अजून वाटेत उभा आहे. त्याला बाजूला करायचा तर घोड्यासारखे वाकडे जावे लागेल.